बोअर नंबर तीन

बहात्तरच्या दुष्काळात विहीर सात परस खाली गेली
आणि दुर्गाप्पा धोत्रेच्या सुरुंगानं
पाण्याऐवजी हिरवं काढलं.
शेवाळ म्हणावं, तर ओल नव्हती.
त्यानं नखानं खरवडून जिभेवर ठेवलं,
थुंकला, विहीरमालकाला म्हणाला,
कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना,
तसं लागतंय. कुणाचं तरी भांडं पुरलंय इथं.

चिलारवाडी, तालुका माण.
उघडा माळ, मेंढरांच्या वाटा, निवडुंग.
फाईलीचं पहिलं पान मात्र त्याच्याही आधीचं, एकोणीसशे अकरा :
कुणा साहेबाची दीड ओळ. "हिरवे डाग. नगण्य."
खाली तंबूचा, दोन घोड्यांचा, कोंबड्यांचा हिशेब,
तो पाऊण पान.

मी आलो चौऱ्याहत्तरला, खात्याच्या जीपमागच्या ट्रेलरमध्ये
रिकाम्या पेट्यांवर बसून. हुद्दा : नमुना-मदतनीस.
गोडखिंडी साहेब नकाशावर रेघ ओढायचे,
बिभीषण लोखंडे रिग चालवायचा
(तांबं शोधायला लोखंडे, हा विनोद तो स्वतःच रोज करायचा),
आणि निघालेला दगडाचा दांडा
मी पेटीत क्रमानं निजवायचो,
उशाला खोली लिहून, ऑइलपेंटनं.

दगड वाचायला साहेबांनी शिकवलं.
हा काळा, भरीव : थंड झालेला एक लोट.
हा अनारशासारखा जाळीदार : त्याच लोटाचा वरचा पदर,
उकळताना अडकलेले बुडबुडे.
पुढं गरम पाणी हिंडलं त्यांतून, कुणालाच घाई नव्हती,
एकेक बुडबुडा पांढऱ्या-गुलाबी खडीनं भरत गेला.
आणि ही वीतभर माती, विटेसारखी भाजलेली?
"दोन लोटांमधली उसंत," साहेब म्हणाले.
"वारा सुटला असेल, ऊन पडलं असेल.
बघायला कुणी नव्हतं."
तांबडं म्हणजे तांबं नव्हे,
हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एक नंबर कोरडा.
दोन नंबरमध्ये बिट तुटलं, तेही कोरडंच.
तीन नंबरला अडतीस मीटरवर पाणी उसळलं.
अहवालातलं वाक्य मीच टाइपिस्टला वाचून दाखवलं होतं :
"पाणी लागल्यामुळे काम चार दिवस खोळंबले."

पाचव्या दिवशी, तांबड्या मातीच्या खाली,
एकेचाळीस मीटर वीस सेंटिमीटर.
एका बुडबुड्यात, खडीला बिलगून,
मुंगीच्या मिशीएवढी तार.
डाग नव्हे, हिरवं नव्हे. तांबं.
लोखंडेनं इंजिन बंद केलं.
साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे सांगितले.

प्रयोगशाळेचा आकडा आला पावसाळ्यानंतर :
शून्य पूर्णांक अकरा शतांश टक्के,
तोही मीटरभर जाडीपुरता.
म्हसवडच्या बाजारात एका तांबटाला मी हिशेब सांगितला :
मीटर लांब, मीटर रुंद, मीटर उंच दगड
फोडायचा, दळायचा, आटवायचा,
तेव्हा कुठं एक हंडा.
त्यानं हातोडी थांबवली नाही.
"आणि कड्या?" म्हणाला.

"किफायतशीर नाही." शिक्का. गोल, जांभळा.

मेंढराचा पाय जाऊ नये म्हणून
एक आणि दोनवर आम्ही धोंडे ठेवले होते.
तीनवर पुढं झेडपीनं हातपंप बसवला,
हे मला गेल्या महिन्यात कळलं,
इठाबाई गोरड सुनेला ओरडून सांगत होती तेव्हा,
"तीन नंबरला जाऊन येते गं!"
कमरेवर निळी प्लॅस्टिकची घागर.
तीन का, मी विचारलं.
"एक नि दोन कुठं हैत कुणाला ठावं.
माझ्या सासूपासनं तीनच."

मला ठाव होतं. बोललो नाही.
घागर भरेपर्यंत दांडा मी मारला,
मग ओंजळ धरून प्यालो,
आणि जिभेवर काही उरतंय का म्हणून
जरा वेळ तोंड मिटून उभा राहिलो.
पाणी गोड. लागलंच काही तर लोखंड,
पंपाचं.