तीन हात

नऊ बाय तीन. सत्तावीस चौरस फूट.
कडा तीन, पाय धरून तेरा.
पेन्सिल कानामागे जाते, परत येते.
त्रेचाळीस.

"आणि पोट?" नियामतचाचा विचारतात
बोळा पिळता पिळता.

गिरणाऱ्याच्या पिंगळ्यांचं टेबल.
द्राक्षांच्या मळ्याकडे तोंड करून मांडायचं,
पाहुण्यांनी वाईनचे घोट
तोंडात घोळवत बसायचं.
खाली वाकून कोण बघणार, मी म्हणते.
रविवार कारंजावर भाव काढून आलेय सकाळीच.

चाचा टेबल उलटं करायला लावतात.
सुरगाण्याचा साग पाठीवर पडलेला,
चारी पाय वर, नाल ठोकायला पाडलेल्या बैलासारखा.
"वरून बंद, खालून उघडं.
पीत राहील ते खालून,
गंगेवरचं धुकं, चैत्रातली झळ, सगळं.
आणि एक दिवस वाकेल.
मग तू म्हणशील, लाकूडच वाईट निघालं."

सत्तर.

तीन हात द्यायचे. दोनशे दहा.
लिटर शंभराला पुरतं, डब्यावर छापलंय.
छापणाऱ्याला काय माहीत,
पहिला हात आपला नसतोच.
तो लाकूड पिऊन टाकतं
आणि काही दिलंच नाही असं बघत राहतं.
दुसऱ्याला जरा ऐकतं.
तिसऱ्यात ट्यूबलाइट दिसते, थोडी वाकडी.

पाय आंब्याचे, त्यांची तहान वेगळी.
बोळ्याचं वेगळं, वाटीच्या बुडाचं वेगळं.
अडीच लिटर, मी म्हणते.
चाचा नुसते हसतात.

मागे फळीवर बाटल्या,
प्रत्येकीच्या तळाशी दोन बोटं उरलेलं.
चिकटपट्टीवर चाचांचं उर्दू, खाली माझं मराठी:
कॉलेज रोड, कपाट.
सिडको, देव्हारा.
शाळेचे बाक, पैसे यायचेत.
एवढ्याने चुकलो, एवढ्याने चुकलो,
अशी रांग.

एकच बाटली कोरडी ठणठणीत. पाळणा.
"हा बरोबर पुरला?"
"कमी पडला," चाचा म्हणतात.
"घरचाच होता. पोट राहिलं.
म्हटलं, पोरगी तर वरच्या अंगाला झोपणार."
बोळा पुन्हा पिळतात, तो कधीचा पिळून झालाय.

पुढे मी विचारत नाही.
अंगठा जिभेला लावून
आंब्याच्या पायावर टेकवते.
ओला ठसा उमटतो.
गाडीची किल्ली सापडेपर्यंत
गेलेला असतो.