सतराव्या पानावर

मुखपृष्ठावर नको, म्हणतो डायगो,
ऊन शाई खातं. आत, पहिल्या पानावर घ्यावी.
सुलक्षाला मात्र आभाळातच हवी,
नायकाच्या खांद्यामागे, चंदेरी मार्करनं,
भिंतीवरून दिसेल अशी.

मडगावच्या हॉलमध्ये
रांग चित्रकारापुढे.
शेजारच्या टेबलाशी शाणू लोटलीकर,
फुग्यांतली अक्षरं काढणारा,
पेनाचं टोपण लावतो, काढतो.

मी माझा अंक उघडला. दमट,
कडेला वाळवीची नक्षी.
सतरावं पान : होडी बुडताना
तांडेलाच्या तोंडचा
रिकामा फुगा.

"इथं?"
"इथंच."

चष्मा कपाळावर सारून बघत राहिला.
"तेव्हा सुचलंच नव्हतं," म्हणाला,
आणि बारीक, ठाशीव अक्षरांत लिहिलं :
येतों गे आवय.

शाई वाळेतो फुंकर घालत बसला.
सही राहिलीच.