पाचव्या दिवसाची माती

बुलावायोत पाणी आठवड्यातून तीनदा येतं.
न्कोसिलाथी न्दिवेनी त्यातलं अर्धं
खेळपट्टीला पाजतो, अर्ध्यात घर.
बायको म्हणते, सवत असती तर भांडली तरी असती.
ही नुसती पडून असते बावीस यार्ड,
आणि तू तिच्यापाशी गुडघे टेकतोस.

माती वारुळाची.
माटोपोच्या वाटेवरून पोत्यांत भरून आणलेली,
वाळवीने थुंकी लावून मळलेली.
चाळून, भिजवून, रोलरखाली घालून
त्याने तिला शिकवलं:
पहिल्या दिवशी गप्प राहायचं.
दुसऱ्या दिवशी फलंदाजाचं ऐकून घ्यायचं.
तिसऱ्या दिवशी टाचांचे घाव मोजायचे, विसरायचे नाहीत.
चौथ्या दुपारी केसाएवढी एकच भेग,
मधल्या स्टंपच्या रेषेत.
आणि पाचव्या दिवशी
सगळं एकदम बोलून टाकायचं.

सामन्याला अकरा दिवस असताना पत्र आलं.
'सदर कसोटी चार दिवसांची करण्यात येत आहे.'
करण्यात येत आहे.
कोण करतंय, ते वाक्यात कुठेच नव्हतं.
दुबईच्या एका गार खोलीत म्हणे
टेबलावर जगाचा नकाशा होता
आणि आमच्या देशावर कुणीतरी
पाण्याचा पेला ठेवला होता.

पंगत मोठी आहे.
शेवटच्या पानापर्यंत वरण येतं,
तूप वाटेत संपतं.
वाढपी कुठल्या घरचे, ते आपण विचारू नये,
आपलं पान त्यांच्या हाताशीच आहे.

न्कोसिलाथीने मातीला सांगून पाहिलं.
घाई कर म्हणाला, एक दिवस कमी आहे.
मातीला पत्र वाचता येत नाही.

चौथ्या संध्याकाळी पाहुण्यांचे सात बाद,
उजेड गेला, हस्तांदोलन झालं.
कॅमेऱ्यांच्या तारा रातोरात गुंडाळल्या गेल्या,
त्यांना कुठेतरी वीस षटकांची गाडी गाठायची होती.
अनिर्णित. स्पीकरवर गाणं लागलं.
भेग तेव्हा नखाएवढी झाली होती.

पाचव्या सकाळी हुडहुडी भरलेली,
जकरांडाच्या वाळक्या शेंगा फाटकापाशी खुळखुळतात.
न्कोसिलाथीने आच्छादन काढलं, चुना ओढला,
स्टंप ठोकले. का, ते त्याला विचारू नका.
गुणलेखिका सिफीवे मोयो आली,
तिच्या वहीत एक पान कोरं होतं
आणि तिला कोरं पान बघवत नाही.
मग डावखुरा फरिराई चिझेमा, पायात हॉटेलच्या सपाता,
बस अकराला सुटणार होती.
बॅट धरली पहारेकऱ्याच्या ल्वाझीने,
वय तेरा, पॅड एकाच पायाला.

पहिले तीन चेंडू: काही नाही.
चौथा भेगेवर पडला आणि सरळ गेला.
न्कोसिलाथी रोलरला टेकून उभा होता,
त्याने दुसरीकडे पाहिलं.
पाचवा
पडला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला,
आणि वीतभर वळून
बॅट, बेल, पोराचा उघडा आ, सगळं चुकवत निघाला.
मागे यष्टिरक्षक नव्हता. कुणीच नव्हतं.
चेंडू गवतावरून सावकाश सीमेपर्यंत गेला,
दोरी काढून नेली होती, तरी तिथेच थांबला.

फरिराई हसला नाही. तळव्याकडे बघत राहिला.
सिफीवेने पेन्सिलीला जीभ लावली:
'बाइज. चार.
कुणाच्या नावावर मांडू?'

कुणाला माहीत नव्हतं.
रस्त्यावर बसने हॉर्न दिला, सहावा चेंडू राहिला.
न्कोसिलाथी नळाकडे गेला,
आज पाण्याचा वार.
तोटीने आधी खोकला काढला,
मग तांबूस, मग स्वच्छ.
त्याने पाइप भेगेपाशी नेला
आणि तिथेच धरून उभा राहिला,
पाणी सोडलं नाही, अंगठा तोंडावर दाबलेला.