बेचाळीस मीटर जास्त

आडनाव ढोबळे, काम काटेकोर.
तीस वर्षं भूमापन खात्यात साखळी ओढली,
भावाभावांच्या धुऱ्यावर उन्हात उभा राहिलो,
एक वीत इकडे, एक वीत तिकडे,
शिव्या दोन्हीकडून.
आता निवृत्तीनंतर मॅरेथॉनचा रस्ता मोजतो.

डिसेंबरात, रात्री दोन वाजता.
सायकलच्या पुढच्या चाकाला मोजयंत्र,
मागे पोलिसांची जीप, तिचा फिरता दिवा,
आत कानटोपी घालून हवालदार बांगरे,
जो दर चौकात जागा होऊन विचारतो,
‘किती राह्यलं, साहेब?’

आधी सिव्हिल लाइन्सच्या सरळ रस्त्यावर
पोलादी टेप ताणून तीनशे मीटर आखायचे.
त्यावर चार फेऱ्या मारून चाकाला विचारायचं,
बाबा रे, आज तुझा किलोमीटर केवढा?
कारण थंडीत चाक आकसतं. टेपही.
माणसाचं मी मोजलेलं नाही.

मोजायचा तो सगळ्यात आखूड रस्ता,
धावणारा कडेकडेनं, आतून आतून कापत जाईल तसा.
म्हणजे सगळी लबाडी आधी आपणच करून बघायची.
फुटाळ्याच्या वळणावर कठड्यापासून फूटभर,
सेमिनरी हिल्सचा चढ, जिथे माझ्याच फासळ्या मोजून होतात,
मग रवीनगर, लॉ कॉलेज, शंकरनगर,
आणि तिथला तो कुत्रा,
तीन वर्षं नेमका एकविसाव्या किलोमीटरला भुंकणारा.
त्याला खूण म्हणून धरता येत नाही.
मोह होतो.

झिरो माइलपाशी पाय टेकतो, पाणी पितो.
चार घोडे, एवढी वर्षं त्याच उडीत थांबलेले,
आणि सगळी अंतरं म्हणे त्यांच्यापासून.

नियम असा की
दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवायचा.
चाक चुकेल, टेप चुकेल, ढोबळे चुकेल,
रस्ता कमी भरता कामा नये.
म्हणून बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर
आणि वर बेचाळीस मीटर,
जे पत्रकात छापत नाहीत.
भाजीवाली तोलून झाल्यावर दोन वांगी टाकते, तसे.
फक्त हे कुणी मागितलेले नसतात.

शर्यतीच्या दिवशी मला काम नसतं. तरी जातो.
कस्तुरचंद पार्कावर भोंगे, ढोल, बामचा वास,
पाच वाजता बार.
पहिला येतो तेव्हा पाहुणे अजून तर्री-पोह्यांवर असतात.
मग येतच राहतात, दुपारपर्यंत,
डॉक्टर, फौजी, पैज हरलेले कॉलेजातले,
आणि मी प्रत्येकाच्या पायांकडे बघतो,
माझी रेघ कोण सोडतं, कोण धरतं.

साडेअकराला कमान उतरवली.
वेळ टिपणारी चटई गुंडाळून ट्रकात.
उरले दोन बांबू, संत्र्यांची सालं,
आणि लोकं उचलत आलेल्या बसच्या पुढे
पुष्पकला उईके, नंबर तीन हजार एकशे सतरा,
सरकारी दवाखान्यात रात्रपाळीची आया,
बुटांच्या नाड्या दोन रंगांच्या.

बसमधून पोरगं, ‘काकू, बसा ना आता, टाइम संपून गेला.’
‘तिसाव्यापासून सांगून राह्यली ना तुले, बसत नाही म्हणून.’
मग माझ्याकडे बघून, ‘किती राह्यलं, भाऊ?’

रस्त्यातला खिळा मला ठाऊक होता.
तिचा डावा पाय त्याच्यावरच पडला होता.
‘तुमचं झालं,’ म्हटलं. ‘इथेच. आत्ताच.’
‘अन् ते बांबू?’
‘तिथपर्यंतचं माझं. माझ्या चुकीसाठी ठेवलेलं.’

तिनं कंबरेवर हात ठेवून दोन्ही अंतरं पाहिली.
‘तुमचं हाय, तर चला मंग.’

चपला घालून धावलो. इलाज नव्हता.
बस मागून हळूहळू.
बांबूंच्या पलीकडे ती वाकून गुडघे धरून उभी राहिली,
बराच वेळ नुसता श्वास,
मग म्हणाली,
‘तुमचे मीटर लय लांब हायेत बा.’