दुसऱ्या पाळीला

अंबोहिमेनाच्या ल्यूथरन मंडळीला
नाशिकच्या ल्यूथरन मंडळीचा सलाम.

लिहिणारा मी, सुमंत पगारे, चिटणीस.
शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं मंदिर.
वहीत घरं चाळीस, उपासनेला माणसं पंचवीस,
लग्नसराईत अकरा.
खरं सांगतो, कारण फोटोत
तुम्हीही अकराच उभे होता.

तो फोटो आम्ही फलकावर लावला.
वादळानं छप्पर नेलेलं, भिंती तेवढ्या चार,
आणि आत तुम्ही, गीतांची पुस्तकं उघडून,
जणू छप्पर ही काही फार मोठी गोष्ट नाही.
रविवारच्या शाळेतली पोरं विचारत होती,
यांच्याकडे ऊन थेट वेदीवर पडतं का?
पडत असणार, म्हटलं.
मनात म्हटलं, पाणीही.

कमिटीत वाद झाला, तोही कळवतो.
फिलिमनकाका म्हणाले,
आपलीच भिंत ओल धरते
आणि आपण समुद्रापार पत्रे पाठवायचे?
आजवर तिकडून यायचं आपल्याकडे.
घंटा आली, पेटी आली, दुधाची पावडर आली,
एकदा तर लोकरीचे मोजे,
तेही नाशिकच्या मे महिन्यात.
आपण घेणारे. आपला हात हा असा,
आणि त्यांनी तळवा उताणा करून दाखवला.
मग कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा किरकिरत राहिला.

शेवंताबाई उबाळे उठल्या.
पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जातात त्या,
कात्रीनं घडातले खराब मणी काढतात,
वरची पांढरी लव पुसू न देता.
म्हणाल्या, माझ्या हातचे घड
केव्हाचे बोटीत बसून जातात.
मीच तेवढी काठावर बसलेय,
हात पसरून?

सुगीच्या सणाला त्यांनी भोपळा आणला,
लेकरू आणावं तसा कडेवर.
लिलावात पाचशेला गेला.
घेणाऱ्यानं तो परत टेबलावर ठेवला.
सहाशेला गेला. परत टेबलावर.
नऊ वेळा विकला गेला तो भोपळा
आणि कुणाच्याच घरी गेला नाही.
नववी बोली फिलिमनकाकांची.
आकडा लिहू नको म्हणालेत.

खजिनदार आमचे एलियाजर खरात.
तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
देशाच्या नोटा मोजल्या,
आता आमच्या दहा-दहाच्या मोजतात,
तितक्याच सावकाश, तितक्याच दोनदा.
म्हणाले, बत्तीस पत्रे बसतात यात.
सगळं छप्पर नाही व्हायचं.
वेदीवरचं होईल.

तर बत्तीस पत्रे. आभार मानू नका.
आभाराची पत्रं आम्ही पिढ्यानपिढ्या लिहिली,
तोंडपाठ आहेत;
लिहिताना हात फार जड होतो.

त्यापेक्षा असं करा.
आमची उपासना दहाला सुटते.
तेव्हा तुमच्याकडे साडेसात,
तुमची पहिली घंटा.
खरात सांगतात, प्रेसमध्ये पाळी बदलताना
मशीन थांबवत नसत.
जाणारा येणाऱ्याला एवढंच सांगायचा:
इथं अडकतं, इथं तेल घाल, बाकी ठीक.

आमच्याकडून एवढंच:
पोरं शेवटच्या कडव्याला घाई करतात.
आजाऱ्यांची यादी या महिन्यात लांबली आहे,
सगळी नावं घेऊन झाली नाहीत, उरलेली तुम्ही घ्या.
तबिथाला मुलगी झाली.
बाकी ठीक. मशीन गरम आहे.
या, हात लावा.

आणि तुमची पाळी संपली
की पुढं कुणाच्या हाती देता, तेही कळवा.
तुमच्या पश्चिमेला कोण राहतं
ते आम्हाला माहीत नाही.

ता. क.
भोपळा शेवटी सगळ्यांनी मिळून खाल्ला.
बिया तुम्हाला धाडायच्या होत्या, पोस्टानं घेतल्या नाहीत.
मंदिराच्या कुंपणाला लावल्या.
एका वेलाला पोरांनी तुमच्या गावाचं नाव दिलंय.
आधार बांधून दिला होता, त्यानं मानला नाही.
सरळ छपरावर चढलाय.