मनोगत : शब्दमर्यादा दीडशे

मॅडम, तुम्ही विचारलंय
पहिल्या खर्ड्यापासून तिसऱ्यापर्यंत काय काय बदललं,
आणि का.

आधी मथळा बदलला.
'माझे वडील : एक थोर व्यक्तिमत्त्व' असं होतं.
थोर तुम्ही खोडलं, व्यक्तिमत्त्व मी.
एक तेवढं उरलं होतं, तेही गेलं.
आता नुसतं 'चौकशी' आहे.
जिंतूरच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीवर तसंच लिहिलंय,
चौची एक मात्रा उडालेली.

दुसऱ्या परिच्छेदात पाऊण पान उपमा होत्या.
आबांचा आवाज मेघासारखा, शंखासारखा,
एका ठिकाणी तर सिंहासारखा.
समासात तुमची लाल शाई : 'ऐकलाय का?'
मला राग आला. अठरा वर्षं ऐकतेय.
तरी दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या गाडीला लवकर गेले,
रसवंतीच्या बंद चरकाला टेकून
वही उघडली
आणि ऐकला.
आबा 'परभणी'तला र गिळतात.
'बोरीमार्गे' म्हणायच्या आधी श्वास घेतात,
तो माईकमधून सगळ्या स्टँडला ऐकू जातो.
'चारठाणा, मंठामार्गे जालना' मात्र एका दमात,
उतारावर सायकल सोडून दिल्यासारखं.
ही एक उपमा ठेवली आहे. चालेल ना?

तिसऱ्या परिच्छेदात फार वेळ गेला.
मी लिहिलं होतं : रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला,
खिडकी बंद झाली,
आबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.
वर्गात वाचलं तेव्हा शिफानं नाक ओढलं होतं,
तुम्हीही चष्मा काढला होता,
म्हणून सांगायला अवघड जातंय.
पाणीबिणी काही नव्हतं.
त्या दिवशी ते घरी आले, पाय धुतले,
करडईच्या भाजीशी दोन भाकरी खाल्ल्या,
ठेचा परत मागितला,
आणि झोपले. घोरलेसुद्धा.
बाविसाव्या दिवशी यंत्र बंद पडलं.
दुरुस्तीला गेलं ते गेलंच,
आबा परत जाळीमागे.
हे मला पहिल्यापासून माहीत होतं.
गाळलं, कारण शेवट बिघडत होता.

आई चुलीपुढून म्हणाली,
हाय तसं ल्ही की, त्याला काय डोकं लागतंय.
लागतं, मॅडम.

शेवटचा परिच्छेद कृतज्ञतेचा होता.
तो अख्खा काढला. तिथं आता गेल्या जुलैची एक सकाळ आहे :
गाडी भरलेली, काचा खडखडतायत,
बाहेर आबा तिसऱ्यांदा तेच सांगतायत,
आणि पुढच्या सीटवरची बाई म्हणाली,
सकाळी सकाळी कशाला खेकसतो हा माणूस.
आख्खी गाडी हसली.
शिफा तेव्हा नवीन होती, तिनं विचारलं,
कोण गं तो?
मी पिशवीत पास शोधत राहिले.
पास हातातच होता.

काल रात्री आबांना सगळं वाचून दाखवलं.
डोळे मिटून ऐकत होते, झोपले की काय वाटलं.
संपल्यावर म्हणाले,
जालना गाडी तीनला नाही लागत. चारला लागते.
लोक चुकीच्या फलाटावर उभे राहतील.
मग विचारलं, हे कोण कोण वाचणारंय?
मी म्हणाले, मॅडम.
बरं, म्हणाले.

फलाट दुरुस्त केलाय.

त्या हसण्याच्या वाक्यापाशी
मी पाणी प्यायला उठले होते,
परत येऊन खालच्या ओळीपासून वाचलं.
'आख्खी गाडी हसली'च्या पुढं
निबंधात अजून दोन शब्द आहेत : मी पण.
ते इथं वर लिहायचे राहिले.
तिकडं आहेत, पण पेन्सिलीनं,
उजेडात धरलं तर दिसतील.
वाचून झालं की सांगा,
शाईनं करायचे का.