एकोणिसावी रात्र

चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांत आमची शाळा.
सरकारचा पैसा नाही.
घडामागे चार आणे काढून ठेवणाऱ्या बागायतदारांची,
आणि पहाटे साडेचारला रुळाच्या तुकड्यावर
हातोडी मारणाऱ्या द्वारकाताईंची.

बादलीला नंबर, ताटाला नंबर, खुंटीला नंबर.
माझा एक्केचाळीस. माझ्याआधी तो
सावद्याच्या कुणा इंदुबाला नेहेतेचा होता.
तिनं बादलीच्या बुडाशी खिळ्यानं कोरलं होतं :
ही गळते. लवकर ऊठ.
इतका कामाचा सल्ला पुढे मला कुणी दिला नाही.

दहावीच्यांनी आठवीच्यांच्या वेण्या घालायच्या,
आठवीच्यांनी पाचवीच्यांच्या,
आणि पाचवीच्यांनी रडायचं, असा नेम.

भादव्याच्या पुनवेला भांडारघराच्या कोनाड्यात
गुलाबाई बसायची, मातीची,
एका डोळ्याला काजळ जास्त झालेली.
महिनाभर रोज गाणी, टिपऱ्या, मग खाऊ.
जिची पाळी तिनं डबा फडक्याखाली आणायचा,
हलवून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं.
खुळखुळला तर फुटाणे.
धपधपला तर शिरा.
दोनदाच वाजून थांबला तर समजावं,
वाटेत कंडक्टरनं लाडू खाल्लेत.

डबे एसटीनं यायचे.
रुमली पावराच्या घरी एसटी जात नव्हती.
सातपुड्यात, गाडीवाट संपल्यावर आणखी दोन टेकड्या.

तिची पाळी एकोणिसावी.
आदल्या दिवशी हौदावर म्हणाली, तुझा डबा देशील?
दिला.
घासून, पुसून, उन्हात वाळवून दिला.
माझ्या ट्रंकेत तेव्हा शेंगदाण्याचे अकरा लाडू होते.
हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

रात्री रुमलीनं डबा हलवला.
आवाज नाही.
पुन्हा हलवला, कानाशी धरून,
जणू तिलाच काही ऐकू येत होतं.
आम्ही पेटलो. असा डबा कधी आलाच नव्हता.
खवा, दाबून भरलेला!
बासुंदी! — अगं, सांडली नसती का?
पेढे, कापसात गुंडाळलेले!
(खान्देशच्या पोरी, कापूस सुचणारच.)
सत्तावन्न पदार्थ झाले.
शेवटी शिरपूरची नलू ओरडली,
"हारनूत व माय, उघाड आते!"

तिनं उघडला.
कंदिलाचा उजेड आत गेला
आणि बुडाला टेकला.
तिळाच्या चटणीचा जुना वास आला. तो माझ्या घरचा.

कुणी हसलं नाही, असं मी पुष्कळदा सांगितलंय.
नलू हसली. मग थांबली.
रुमली म्हणाली, "एकीलाही नाही आलं."
आणि जिंकल्यासारखी मांडी घालून बसली.

द्वारकाताई उठल्या.
डबा घेतला, रोजच्यासारखा प्रत्येकीपुढे धरला.
आम्ही एकेकीनं हात घातला,
चिमटीत काहीतरी उचललं,
तोंडात टाकलं,
चावलं.

परवा शाळेला साठ झाली, म्हणून बोलावलं, मुद्दाम गुलाबाईत.
द्वारकाताईंचा फोटो आहे, रुळाचा तुकडा आहे.
एकोणिसावी रात्र अजून रिकाम्या डब्याची असते.
निवेदन करणारी मुलगी पाठ केलेलं सांगत होती :
अन्नाची किंमत कळावी म्हणून आद्य विश्वस्तांनी ही प्रथा पाडली.
आद्य विश्वस्तांच्या सुनेनं मान डोलावली.
मी माइक मागू शकले असते.
रुमली नववीत गेलीच नाही,
तिचा नंबरही मला आठवत नाही.

डबा आता स्टीलचा, झाकणावर शाळेचं नाव.
मुली ओरडत होत्या, नूडल्स! पिझ्झा! मांडे!
फिरत फिरत माझ्यापुढे आला. मी हात घातला.
किती वेळ चावत होते कुणास ठाऊक.

शेजारी पाचवीतली एक, वेण्या ताज्या, डोळे सुजलेले.
"आजी, तुम्हाला काय आलं?"
म्हटलं, लाडू. शेंगदाण्याचा.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली.
म्हणाली, "मग अर्धा द्यायचा ना."